‘डोकं वर केलंस’ म्हणे!

पन्नाशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. सहा वर्षांपासून त्या नवऱ्याबरोबर गोल्फ खेळतात. ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) फार लांब जात नाही, पण सरळ जातो, आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) आसपास पोहोचेपर्यंत सगळं ठीक असतं. ग्रीनबाहेर पाच-दहा पावलांवर बॉल थांबला की मात्र त्यांच्या छातीत धस्स होतं. एकदा क्लब बॉलच्या मागेच जमिनीत रुततो आणि बॉल दोन हात सरकतो. पुढच्या वेळी जपून मारावं तर बॉल क्लबच्या धारेला लागून ग्रीनपार. ‘बॉल नीट उचललाच जात नाही,’ असं त्या लिहितात. सरावाला मॅटवर पन्नासातल्या चाळीस चिपा (ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके) छान जातात. व्हिडिओ पाहून त्यांनी 60 अंशांची लॉब वेज (बॉल उंच उडवणारा क्लब) घेतली. बॉल मागच्या पायाकडे, हात पुढे, वजन डाव्या पायावर हे सगळं पाठ केलं. फसलेल्या प्रत्येक चिपनंतर नवरा म्हणतो, ‘डोकं वर केलंस.’ त्यावरून आता घरी परतताना गाडीत अबोला असतो. एका मैत्रिणीने सरळ पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) वापरायला सांगितलं, पण ‘ग्रीनबाहेरून पटर काढणं म्हणजे हार मानणं वाटतं.’ त्यांचे प्रश्न तीन: हे यिप्स (ऐन फटक्याच्या वेळी हाताला आपोआप बसणारे हिसके) आहेत का? चिपर (खास चिपसाठीचा क्लब) विकत घ्यावा का? की चिप आपल्या नशिबात नाही असं समजून नाद सोडावा?

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा मनाचा खेळ आहे. सरावात जमतं, मैदानात जमत नाही, म्हणजे भीतीच. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाशी थांबले. मॅट.

मॅटखाली घट्ट पाया असतो. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी तिथे रुतत नाही, घसरत पुढे जातो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. आवाज जरा भरीव येतो, एवढाच फरक. तोच फटका गवतावर मारला की क्लब मातीत शिरतो, गवताचा एक तुकडा पुढे लोटतो आणि बॉल कोणीतरी ढकलल्यासारखा हलतो. त्यामुळे तुमच्या त्या चाळीस छान चिपांपैकी खरोखर छान किती होत्या, हे मॅटने तुम्हाला कळूच दिलेलं नाही. मैदानात आपला हात बिघडतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, हात दोन्हीकडे तोच आहे. मॅट चूक झाकते आणि गवत ती उघडी पाडतं.

हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. भीती घालवायची कशी हे कुणालाच नीट सांगता येत नाही. क्लब जमिनीला टेकतो ती जागा दोन इंच पुढे न्यायची, हे त्या मानाने सोपं काम आहे.

आता तुमच्या यजमानांच्या निदानाकडे वळू. ‘डोकं वर केलंस’ हे गोल्फमधलं सगळ्यात स्वस्त निदान, कारण ते कधी खोटं ठरत नाही. फटका फसला की डोकं वर असतंच. चांगला बसला तरी ते वर असतं, पण तेव्हा सगळे बॉलकडे बघत असतात. क्लब आणि बॉल एकमेकांना सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टेकतात. नेमक्या त्या क्षणी तुमचं डोकं कुठे होतं, हे शेजारी उभं राहून सांगणारा माणूस अंदाजच बांधत असतो. आनिका सोरेनस्टामचा पूर्ण स्विंग एकदा हळू गतीत बघा. क्लब बॉलला लागायच्या आतच तिचा चेहरा लक्ष्याकडे वळायला लागलेला असतो. एलपीजीए या महिला व्यावसायिकांच्या टूरवरच्या 72 स्पर्धा तिने याच सवयीसह जिंकल्या, त्यात 10 मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या. 2001 ची ओपन (ब्रिटिश ओपन) जिंकणाऱ्या डेव्हिड डुवालचंही तसंच.

अर्थात त्यांचं डोकं वळतं आणि तुमचं, मला वाटतं, उचललं जातं. तेवढ्यापुरते यजमान बरोबर असतील. पण डोकं हा धूर झाला, जाळ दुसरीकडे आहे. ‘बॉल नीट उचललाच जात नाही’ असं तुम्ही लिहिलंत ना, तिथे. बॉल उचलायचा आहे असं मनाने घेतलं की मनगटं खालून वर झेपावतात, त्यांच्यामागे छाती उठते आणि छातीमागे डोकं. डोकं दाबून ठेवून यातलं काहीच थांबत नाही. उलट मान आखडते आणि क्लब अजून खोल रुततो.

बॉल उचलायचं काम तुमचं नाहीच. क्लबच्या फेसला, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूला, मुळात उतार दिलेला आहे. नऊ नंबरच्या आयर्नलाही तो चाळीस अंशांच्या आसपास असतो. क्लबचं डोकं बॉलशी सपाट किंवा किंचित खाली जाताना भेटलं की बॉल आपोआप वर येतो, दुसरीकडे जायला त्याला वाटच नसते. हे तुम्हाला माहीत असणार. प्रश्न असा की, माहीत असूनही हात ऐकत का नाहीत?

कारण तुम्ही पाठ केलेली मांडणीच हातांना तसं करायला लावते आहे. घरी असाल तर वेज आणा आणि तिचा तळ बघा. पुढे एक धार आहे आणि तिच्यामागे तळाला फुगवटा. क्लब सरळ उभा धरून जमिनीवर ठेवला की फुगवटा टेकतो आणि धार किंचित अधांतरी राहते. या कोनाला बाउन्स म्हणतात. बऱ्याच वेजवर 8, 10, 12 असा त्याचा आकडा कोरलेला असतो. जीन साराझेनने आपल्या वेजच्या तळाला धातूची भर घातली आणि तो क्लब घेऊन 1932 ची ओपन जिंकली. सँड वेज आपल्या सगळ्यांच्या बॅगेत आली ती तिथून. त्या भरीचा उद्देश हाच होता की तळ रुतू नये, सरकावा.

आता तीच वेज धरून हात बॉलच्या बरेच पुढे न्या, व्हिडिओत सांगितलंय तसे. शाफ्ट (क्लबचा दांडा) झुकला, फुगवटा हवेत गेला आणि धार खाली आली. सरकणाऱ्या तळाचं फावडं झालं. शिवाय 60 अंशांची वेज 15 अंशांनी पुढे झुकवली की तिच्यात 45 उरतात, म्हणजे लॉब वेजच्या नावाखाली तुम्ही पिचिंग वेजच मारता आहात, तीही रुतणारी. तुमच्या शरीराला हे कळतं. फटक्याच्या ऐन शेवटी त्याला वाटतं, आता हे जमिनीत जाणार, आणि मनगटं क्लबला वर फेकायला धावतात. ती वेळेआधी धावली तर क्लब बॉलच्या मागेच जमिनीला भेटतो आणि चिप फॅट होते. जमीन चुकवून वर आली तर धार बॉलच्या पोटाला लागते आणि थिन जाते. दोन वेगवेगळ्या चुका म्हणून त्यांवर दोन वेगवेगळे उपाय शोधत बसू नका. एका आईच्या लेकी आहेत त्या.

‘हात पुढे, बॉल मागे’ हा सल्ला चुकीचा आहे असं नाही. तो चिमूटभर घ्यायचा असतो आणि आपण मूठभर घेतो. सहा वर्षांत तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही.

मग उभं कसं राहायचं? पाय एकमेकांजवळ, मध्ये जेमतेम एक बूट मावेल इतके. बॉल दोन पायांच्या मधोमध. शर्टाच्या गुंड्यांची रेघ बॉलच्या अंगठाभर पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला. ही गुंड्यांची खूण मी गेली कित्येक वर्षं वापरते आहे आणि अजून तरी तिने दगा दिलेला नाही, कारण साधारणपणे छाती जिथे असते तिथेच क्लब जमिनीला भेटतो. ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे, त्यापुढे नाही. वजनाचे दहातले सहा-सात भाग डाव्या पायावर. ही एक गोष्ट तुम्ही बरोबर पाठ केली आहे, फक्त ते वजन फटका संपेपर्यंत तिथेच राहू द्या. (डावखुऱ्यांनी डाव्या-उजव्याची अदलाबदल करून वाचावं.) क्लब जरा खाली धरा. मग खांदे आणि हात यांचा जो त्रिकोण होतो तो मागे-पुढे हलवायचा, आणि बॉल जाऊन झाल्यावर गुंड्या लक्ष्याकडे बघत असल्या पाहिजेत. छाती वळायची थांबली की मनगटं पुढे धावतात. ज्यांची चिप बिघडली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांचं दुखणं मी इथेच पाहिलं आहे.

क्लब मागे किती न्यायचा, तर वाटतं त्यापेक्षा कमी. लांब मागे नेऊन मग घाबरून वेग काढून घेणं, हा फटका मी दुरूनही ओळखते, कारण अनेक वर्षं तो माझाच होता. एकदा ओल्या, दाट रफमधून (वाढू दिलेल्या गवतातून) मी असाच वेग काढून घेतला आणि वर बॉल उचलायला गेले. क्लब गवतात अडकून संथ झाला, बॉल वर आला, आणि वर येणारा क्लब हवेत त्याला पुन्हा लागला. टप्, टप्. दोनदा! बरोबरचे खेळाडू सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले. माझं नशीब, की 2019 पासून नियम बदलला आहे आणि असा दुहेरी स्पर्श आता एकच फटका धरला जातो. तैवानच्या टी. सी. चेनला ती सवलत नव्हती. 1985 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तो चार फटक्यांनी पुढे होता. पाचव्या होलवर रफमधून चिप मारताना त्याचा क्लब बॉलला दोनदा लागला, एक फटका दंड बसला आणि होलवर आठ झाले. शेवटी अँडी नॉर्थ त्याच्यापेक्षा एकाच फटक्याने पुढे राहिला.

ही झाली फटक्याची बाजू. पण मला खरी शंका आहे ती तुमच्या क्लबच्या निवडीबद्दल. पत्रात तुम्ही झेंडा किती लांब होता, मध्ये काय होतं, ग्रीन चढतं होतं की उतरतं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. प्रत्येक प्रसंगात हातात लॉब वेजच आहे. चिप म्हणजे हवेत थोडं आणि जमिनीवर जास्त. बॉल जितका लवकर ग्रीनवर टेकून पटसारखा (पटरच्या फटक्यासारखा) धावायला लागेल तितकं बरं, कारण घरंगळणाऱ्या बॉलचा अंदाज उडणाऱ्या बॉलपेक्षा सोपा असतो. म्हणून आधी बघायची ती बॉल टेकण्याची जागा, मग क्लब. आपण बहुतेक जण उलटं करतो.

एक हिशेब सांगते, जुन्या खेळाडूंचा आहे. बारातून क्लबचा नंबर वजा करा. जे उरेल तितक्या पट बॉल घरंगळतो. पिचिंग वेज दहा धरायची, म्हणजे एक भाग हवेत, दोन जमिनीवर. नऊ नंबरला एकास तीन, आठला एकास चार, सातला एकास पाच. सँड वेजला साधारण एकास एक. समजा तुमचा बॉल ग्रीनच्या कडेपासून तीन पावलं बाहेर आहे आणि होल कडेच्या आत बारा पावलांवर. बॉल कडेच्या एक पाऊल आत टाकायचा, म्हणजे हवेत चार पावलं. पुढे उरली अकरा. चाराला अकरा म्हणजे एकास तीनच्या जवळपास. बारातून तीन गेले, उरले नऊ. नऊ नंबरची आयर्न काढा आणि लांब पट मारल्यासारखी मारा. हाच प्रसंग लॉब वेजने निभवायचा तर बॉल होलच्या दिशेने निम्म्याहून जास्त वाट हवेतून न्यावा लागेल, त्यासाठी मोठा स्विंग, आणि मोठ्या स्विंगमध्ये तुमची ती दोन इंचांची चूक आणखी मोठी.

हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे. चढ असेल तर एक नंबर खालचा क्लब, उतार असेल तर एक वरचा. ओल्या ग्रीनवर बॉल कमी धावतो. तंतोतंत उत्तराची अपेक्षा ठेवू नका. या हिशेबाचा मोठा फायदा असा की फटक्याआधीचे दहा सेकंद तुमचं डोकं भीतीऐवजी पावलं मोजण्यात गुंततं. बॉल टेकायच्या जागेपर्यंत चालत जा, पायाखाली ग्रीन कडक लागतंय की मऊ ते बघा, परत या. तेवढ्यात मागचे खेळाडू खोळंबत नाहीत.

लहान चणीच्या, कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंचं दैवत असेल तर ते पॉल रन्यन. 1938 च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम लढतीत त्याच्यासमोर सॅम स्नीड होता, त्या काळातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक. छत्तीस होलांची लढत. रन्यनचा ड्राइव्ह त्याच्या कितीतरी मागे पडायचा, आणि रन्यन सात होल शिल्लक असताना आठ होलांच्या आघाडीने जिंकला. त्याला ‘चिमुकलं विष’ म्हणत. चिप तो जवळजवळ पटसारखीच मारायचा. तुम्हीही करून बघा: आठ किंवा नऊ नंबरची आयर्न पटरच्या ग्रिपने धरा, बॉलच्या जरा जवळ उभ्या राहा, शाफ्ट उभा करा म्हणजे क्लबची टाच किंचित उचलली जाईल. आता जमिनीला फक्त क्लबचं टोक टेकतंय. रुतायला फारसं काही उरलेलंच नाही. बॉल थोडा मऊ निघतो, एवढं लक्षात ठेवून जरा जोर वाढवा.

यातच चिपरच्या प्रश्नाचं उत्तर आलं. चिपरचा लॉफ्ट (फेसचा उतार) साधारण सात-आठ नंबरच्या आयर्नइतकाच असतो. जो क्लब बॅगेत आहेच, तो पटरसारखा धरला की झाला चिपर. तरीही तो घेऊन मनाला शांत वाटणार असेल तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. त्याला मारायची बाजू एकच असली पाहिजे. दोन्हीकडून मारता येणारे चिपर मिळतात, पण नियमांत बसत नाहीत. आणि पटरला चालते तशी चपटी ग्रिप चिपरला चालत नाही. तो धरून बॅगेत चौदाच क्लब, हेही आलंच. लॉब वेज काढून त्याची जागा करा, माझी हरकत नाही. ती वेज बंकरपलीकडच्या (वाळूच्या खड्ड्यापलीकडच्या), अगदी जवळच्या होलसाठी आहे. अशा वेळीसुद्धा मी तुमच्या जागी असते तर होलचा नाद सोडून ग्रीनच्या रुंद भागाकडे मारलं असतं.

आता पटर आणि हार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ओपन असते तेव्हा बघा. जगातले उत्तमोत्तम खेळाडू ग्रीनच्या बरंच बाहेरून पटर काढतात आणि कोणी हसत नाही. अमेरिकेत तर याला ‘टेक्सस वेज’ असं ऐटबाज नाव आहे. बॉल आणि ग्रीन यांच्यामध्ये आखूड, कोरडं, सपाट गवत असेल तर पटर हा पहिला विचार असावा; दाट गवत, ओल किंवा मधे पाण्याच्या फवाऱ्याचं झाकण असेल तर आठ-नऊ नंबर; आणि तेही शक्य नसेल तेव्हाच वेज. तुम्ही हा क्रम उलटा लावला आहे, कारण टीव्हीवर उंच उडून टपकन थांबणारी चिप फार सुंदर दिसते. मलाही दिसते. आणि झेंडा आत राहू द्या. बाहेरून मारताना काठीला बॉल लागला तर दंड नाही, आणि जोरात आलेला बॉल काठी बऱ्याचदा अडवते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ओळींमध्ये दिसते: चिप होलजवळ थांबलीच पाहिजे, असं तुम्हाला वाटतं. आपल्या लक्षात राहतात त्या आत गेलेल्या चिपा. 1982 मध्ये पेबल बीचच्या सतराव्या होलवर टॉम वॉटसन, 1987 च्या मास्टर्समध्ये प्लेऑफला लॅरी माइझ, 2005 च्या मास्टर्समध्ये सोळाव्या होलवर टायगर वूड्सचा तो कडेवर क्षणभर थबकून पडलेला बॉल. (तो बॉल वूड्सने होलच्या बऱ्याच डावीकडे, एका ठरलेल्या जागी टाकला होता. झेंड्याकडे नेम नव्हताच.) न गेलेल्या हजारो चिपा कोणी पुन्हा दाखवत नाही. पीजीए टूरवरचे खेळाडू ग्रीन चुकल्यावर दहातले साधारण सहा वेळाच पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) वाचवतात. आठ फुटांवरून त्यांचा पट निम्म्या वेळाच आत जातो. हे पोटासाठी खेळणारे लोक आहेत. तुमची चिप ग्रीनवर राहिली आणि होलपासून झेंड्याच्या काठीइतक्या अंतरात, म्हणजे सात फुटांत आली, तर ती उत्तम चिप. तीन पावलांवर थांबली तर चांगली. नुसती ग्रीनवर राहिली तरी, सध्या तरी, मी तुमची पाठ थोपटीन.

यिप्सचं बोलायचं राहिलं. यिप्स ही खरी गोष्ट आहे, थट्टेची नाही. 2015 मध्ये फिनिक्स ओपनला टायगर वूड्सच्या चिपा जगाने पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी त्याचे 82 झाले. पण तुम्हाला ते आहे असं मला वाटत नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः तपासा. गवतावर जा. एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) जमिनीत नखभर वर राहील इतकी खोचा आणि बॉल न ठेवता दहा वेळा चिपचा स्विंग करा, टीला टिचकी बसली पाहिजे. क्लब टीच्या मागेच घासत असेल तर तुमचा प्रश्न मांडणीचा आहे आणि वरचं सगळं तुमच्यासाठी आहे. टिचक्या नीट बसत असतील, पण त्याच जागी बॉल ठेवल्याबरोबर हाताला हिसका बसत असेल, आपण न देता बसत असेल, तर मात्र ती वेगळी गोष्ट. तिथे जोर लावून सराव वाढवू नका. हातांची जुनी ओळखच बदला: डावा हात खाली, उजवा वर, अशी उलटी ग्रिप. मॅट फिट्झपॅट्रिक चिप अशीच मारतो आणि 2022 ची यूएस ओपन त्याच्या नावावर आहे. किंवा काही दिवस नुसत्या उजव्या हाताने छोट्या चिपा मारा. आणि एखाद्या जाणकार कोचला प्रत्यक्ष दाखवा. पत्रातून हिसका दिसत नाही.

सरावाबद्दल थोडं, कारण तुमचा वेळ मॅटवर वाया जातो आहे. चिपचा सराव गवतावरच करा. जागा मिळत नसेल तर मॅटवर बॉलच्या चार बोटं मागे एक टॉवेल घडी करून ठेवा. क्लब टॉवेलला लागला की फॅट, मॅट काहीही म्हणो. दुसरा टॉवेल बॉल टेकायच्या जागी अंथरा आणि होल विसरून टॉवेलवर बॉल टाकत राहा. त्याच टॉवेलवर आधी नऊ नंबरने, मग पिचिंग वेजने, मग सँड वेजने. प्रत्येक बॉल पुढे किती घरंगळतो ते पावलांनी मोजून वहीत लिहा. हे आकडे तुमचे स्वतःचे, माझ्या बाराच्या हिशेबापेक्षा जास्त उपयोगाचे.

मग पन्नास बॉलची टोपली बाजूला ठेवा आणि एकच बॉल घ्या. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागी तो हाताने टाका, पडेल तसा खेळा, प्रत्येक ठिकाणाहून चिप आणि मग पट आत जाईपर्यंत. प्रत्येकी दोन धरून नवांचे अठरा होतात. पहिल्या दिवशी तुमचे सव्वीस-सत्तावीस होतील आणि जीव रडकुंडीला येईल. दोन महिने दर आठवड्याला एकदा हे करा. आकडा उतरतो की नाही ते वहीत बघा, आणि चिप सोडायची की नाही हा तुमचा तिसरा प्रश्न तेव्हा पुन्हा विचारा. आत्ता त्याचं उत्तर देणं म्हणजे दाट रफमध्ये न शोधताच बॉल हरवला म्हणण्यासारखं होईल.

राहिले यजमान. त्यांना गप्प राहायला सांगून उपयोग होणार नाही. सहा वर्षं झालेला कोच असा निवृत्त होत नसतो. स्पर्धेत तुम्ही दोघं एका जोडीचे भागीदार नसाल, आणि फटक्याआधी ते ‘डोकं खाली ठेव’ म्हणाले, तर नियमांनुसार तो सल्ला धरला जाऊ शकतो. दंड त्यांनाच, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा. ही माहिती जेवताना सहज कानावर घाला, असर होतो.

पण सरावाला त्यांना बरोबर न्याच. त्यांची जागा बदला. तुमच्या शेजारून हलवून ग्रीनवर, त्या अंथरलेल्या टॉवेलपासून चार पावलं बाजूला उभं करा, हातात वही-पेन्सिल द्या. काम एकच: बॉल टॉवेलच्या अलीकडे पडला, वर पडला की पलीकडे, तेवढंच मोठ्याने सांगायचं आणि लिहायचं. तिथून त्यांना तुमचं डोकं दिसेल, नाही असं नाही. पण बॉल कुठे पडतो ते बघायचं असल्यामुळे त्यांना तुमच्याकडे बघायला वेळ मिळणार नाही.